आईचा टीएसएच

आईच्या फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने एक ओळ लिहिलेली आहे. 'टीएसएच बघून गोळी कमी-जास्त करू नये. फ्री टी४ बघावा.' अक्षर माझं आहे. टीएसएच म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी थायरॉईडला कामाला लावायला रक्तातून पाठवते तो निरोप, आणि फ्री टी४ म्हणजे थायरॉईडने बनवलेलं, रक्तात मोकळं फिरणारं संप्रेरक. नव्या डॉक्टरांकडे गेलो की मी आधी ते पान उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवते आणि मगच आईला खुर्चीवर बसवते. ही एक ओळ लिहिता यायला आमच्या घराची एकेचाळीस वर्षं गेली.

माझा जन्म १९७० च्या श्रावणातला. आमचं गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. ओढ्याला पाणी चढलं की बाहेरची वाट बंद. आई विशीची, पहिलटकरीण. सुईणबाईंनी बाळंतपण केलं, पण वार लवकर पडली नाही, आणि नंतर अंगावरून इतकं गेलं की गोधडीखालचं तरटसुद्धा भिजलं. आजी सांगायची, "तुझ्या आईचं तोंड राखेसारखं झालं होतं. हाका मारल्या तरी डोळे उघडत नव्हती." ओढा उतरायला दोन दिवस लागले. आई वाचली, घरच्यांनी देवापुढे नारळ फोडला. पण तिला पान्हा काही फुटला नाही. अळीव झाले, डिंकाचे लाडू झाले, शतावरी झाली. मला चुलतीने तिच्या लेकराबरोबर अंगावर पाजलं.

पाळीही परत आली नाही. विशीतल्या बाईची पाळी कायमची गेली, आणि त्या घरात हा विषय बोलायचा नव्हता म्हणून तो कुणी बोललं नाही. मला भावंड झालं नाही, एवढंच सगळ्यांना दिसलं.

मला आठवते ती आई थकलेलीच. भाकरी थापता थापता मध्येच हात परातीत तसाच ठेवून बसायची. एप्रिलमध्ये अंगात स्वेटर. आवाज जड, शब्द सावकाश. भुवयांची बाहेरची टोकं विरळ होत गेली होती आणि चेहऱ्याला एक मेणासारखा फिकटपणा आला होता. आत्या म्हणायची, "वहिनी पहिल्यापासून सुस्तच." पहिल्यापासून नव्हती ती. लग्नाआधी डोक्यावर दोन घागरी घेऊन चढण चढायची, हे तिच्या माहेरची माणसं सांगतात.

पुढे मी शिकले, कराडला ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागले, आईला माझ्याकडे आणलं. तिचं रक्त दोनदा तपासून घेतलं, १९९८ मध्ये आणि २००५ मध्ये. फक्त टीएसएच. दुसऱ्यांदा आकडा आला ३.१. शेजारी छापलेली मर्यादा ०.४ ते ४. डॉक्टर म्हणाले, "थायरॉईड अगदी व्यवस्थित आहे, चिंता सोडा." आणि मी सोडली. वर्षानुवर्षं मी फळ्यावर तीन चौकोन काढत होते, मेंदूतला हायपोथॅलॅमस, त्याखालची पीयूषिका, थायरॉईड. वरून खाली अधिकचे बाण, खालून वर उण्याचा बाण. पेपरात हमखास येणारी आकृती. त्या आकृतीतला मधला चौकोन पुसला गेला तर रिपोर्टात काय दिसेल, असा प्रश्न मी एकाही मुलाला विचारला नाही. स्वतःलाही नाही. याचं दुःख अजून जात नाही.

२००८ च्या जुलैमध्ये आईला दोन दिवस जुलाब झाले आणि तिसऱ्या दिवशी ती नीट जागीच होईना. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तातलं सोडियम ११८ होतं. ते १३५ च्या वर असायला हवं. सलाईन लागलं. रात्री उशिरा एक तरुण डॉक्टर मुलगी आली. तिने आईच्या भुवया पाहिल्या, हाताची कोरडी त्वचा चिमटीत धरून पाहिली, मग पायाशी बसली आणि टाचेमागच्या धोंडशिरेवर रबरी हातोडीने हलकेच ठोका दिला. पाऊल झटकन खाली गेलं आणि तिथेच थांबल्यासारखं झालं. मग अगदी सावकाश, पाण्यात बुडवलेला हात वर यावा तसं, जागेवर परत आलं. तिने पुन्हा एकदा ठोकलं. पुन्हा तसंच. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "ताई, आईंचं बाळंतपण कसं झालं होतं? दूध आलं होतं का त्यांना?"

अडतीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारत होतं.

पुढे तपासण्या झाल्या. सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रेनल ग्रंथींचं संप्रेरक, तळाला गेलेलं. फ्री टी४ ०.३, जिथे ०.८ तरी हवा. टीएसएच या वेळीही ३ च्या आसपास. एमआरआयच्या काळ्या फिल्मवर तिने बोट ठेवून दाखवलं. मेंदूच्या तळाशी हाडात एक खोलगट जागा असते, घोड्याच्या खोगिरासारखी, म्हणून शरीरशास्त्रात तिला तुर्की खोगीर म्हणतात. त्यात वाटाण्याएवढी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची पीयूषिका बसलेली असते. आईचं खोगीर जवळजवळ रिकामं होतं. तळाला चिकटलेली एक पातळ पट्टी तेवढी उरली होती.

या आजाराला शीहान सिंड्रोम म्हणतात. ग्लासगोच्या प्रसूती रुग्णालयात काम करणारे पॅथॉलॉजिस्ट हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये त्याची नीट मांडणी केली. गरोदरपणात बाळाच्या दुधाची तयारी म्हणून पीयूषिका फुगते, तिची रक्ताची गरज वाढते, पण तिला पुरवठा करणाऱ्या शिरांमधला दाब मुळातच कमी. अशा वेळी बाळंतपणात अतोनात रक्त गेलं आणि रक्तदाब कोसळला, की ती वाढलेली ग्रंथी उपाशी राहून मरते. म्हणून आधी दूध येत नाही, मग पाळी जाते, आणि हळूहळू बाकीचंही. आपल्याकडे घरी बाळंतपणं होत, ओढा ओलांडता येत नसे, तिथे अशा किती बायका 'सुस्त' म्हणून जगून गेल्या असतील, हा विचार मला अजूनही रात्री जागं ठेवतो.

पीयूषिका हा शब्द मला तेव्हा नव्याने दिसला. पीयूष म्हणजे अमृत, आणि संस्कृतात नुकत्याच व्यालेल्या गाईच्या पहिल्या दुधालाही पीयूष म्हणतात. युरोपातल्या जुन्या वैद्यांना वाटलं होतं की या ग्रंथीतून नाकात शेंबूड उतरतो, त्यावरून त्यांनी तिला पिट्युटरी हे नाव दिलं. आपल्या परिभाषाकारांनी मात्र दुधाचं नाव दिलं. आईची पीयूषिका गेली त्याची पहिली खूण दूध न येणं हीच होती.

पण मला खरा छळत होता तो आकडा. ३.१. टी४ इतका खाली असताना टीएसएच 'नॉर्मल' कसा? घरी आल्यावर मी पुस्तकं काढली, आणि जे उण्याच्या चिन्हाच्या एका बाणात गुंडाळून शिकवत आले होते, ते पहिल्यांदा पेशीच्या आत शिरून वाचलं.

पीयूषिकेच्या पुढच्या भागात टीएसएच बनवणाऱ्या पेशी फार थोड्या, शंभरात पाचेक. रक्तातून त्यांच्यापर्यंत मुख्यतः टी४ येतो. त्याच्या रेणूवर आयोडीनचे चार अणू. पेशीत एक एन्झाइम बसलेलं असतं, डिआयोडिनेज-२, ते त्यातला एक अणू काढून टाकतं आणि टी३ तयार होतो. बाकीचं शरीर बरंचसं रक्तातून आयता आलेला टी३ वापरतं. ही पेशी मात्र आपल्या केंद्रकातला साधारण निम्मा टी३ स्वतः घडवते. म्हणून थायरॉईड थकायला लागली की सगळ्यांच्या आधी तिला कळतं. रक्तातला टी३ अजून ठीक असतो, माणसाला काही जाणवतही नसतं, आणि इकडे टीएसएच चढायला लागलेला असतो.

हा टी३ केंद्रकात जातो. तिथे डीएनएवर त्याची वाट पाहत एक प्रथिन बसलेलं असतं, थायरॉईड ग्राही (रिसेप्टर). त्याचे काही प्रकार आहेत. पीयूषिकेत मुख्यतः बीटा-२ नावाचा, जो शरीरात अगदी मोजक्या ठिकाणी सापडतो. टी३ चं ऐकणाऱ्या इतर बहुतेक जनुकांवर हा ग्राही टी३ नसतानाही बसून असतो आणि जनुक मिटवून ठेवतो. सोबत मदतनीस प्रथिनं असतात, ती आजूबाजूचा डीएनए घट्ट गुंडाळून ठेवतात, दुकानाचं शटर ओढून ठेवावं तसा. टी३ येऊन ग्राहीत बसला की ग्राहीचा आकार बदलतो, ते मदतनीस निघून जातात, दुसरे येतात, शटर वर जातं आणि जनुक वाचलं जाऊ लागतं. उंदराच्या पीयूषिकेत वाढीच्या संप्रेरकाचं जनुक अशाच रीतीने टी३ मुळे जागं होतं. त्या ग्रंथीच्या गाठीतून वाढवलेल्या पेशींवर १९७० च्या दशकात यातलं बरंच काम झालं. माणसातही ज्या मुलाला थायरॉईड कमी पडते त्याची उंची खुंटते.

आता त्याच ग्रंथीतली दुसरी पेशी बघा. टीएसएचचा रेणू दोन साखळ्यांचा असतो. अल्फा साखळी पाळीची सूत्रं हलवणाऱ्या दोन संप्रेरकांमध्येही अगदी तीच असते. बीटा साखळी त्याची स्वतःची, आणि तिचं जनुक पहिल्या गुणसूत्रावर असतं. पिट-१ आणि गाटा-२ ही दोन प्रथिनं हे जनुक चालू ठेवतात. तिथे टी३ पोहोचला की सगळं उलटं घडतं. तोच टी३, तोच ग्राही, आणि जनुक मिटतं. टी३ धारण केलेला ग्राही गाटा-२ चा जोर मोडतो, डीएनए पुन्हा घट्ट होतो, आणि काही तासांतच टीएसएचचे नवे निरोप लिहिले जाणं थांबत जातं. हे नेमकं कोणत्या पायऱ्यांनी होतं यावर शास्त्रज्ञांचं अजून पूर्ण एकमत नाही. पण माझ्या फळ्यावरचा उण्याचा बाण म्हणजे हेच. वाढीचं जनुक उघडणारा हात शेजारच्या पेशीत टीएसएचचं जनुक मिटवतो. हे वाचलं त्या रात्री मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते.

हा बाण किती तीव्र आहे, तेही त्याच वेळी समजलं. टी४ अर्ध्यावर आला तर टीएसएच दुप्पट होत नाही, तो कितीतरी पटींनी उसळतो, अगदी शंभर पटींपर्यंत. म्हणजे धडधाकट पीयूषिकेच्या बाईचा टी४ आईइतका खाली गेला असता, तर तिचा टीएसएच ५० किंवा १०० वर गेला असता.

आणि मग ३.१ चा अर्थ लागला. आईच्या खोगिराच्या तळाशी ज्या मूठभर पेशी उरल्या होत्या, त्यांना टी३ कमी पडतोय हे नीट कळत होतं. त्यांनी आपलं जनुक सताड उघडं ठेवलं होतं. वर हायपोथॅलॅमस टीआरएच नावाचा आपला निरोप पाठवून त्यांना आणखी ढोसत असणार. त्या सगळ्या जणी रात्रंदिवस जेवढं बनवता येईल तेवढं बनवत होत्या, आणि सगळ्यांचं मिळून भरत होतं ३.१. शिवाय अशा ग्रंथीतून निघालेला टीएसएच कधीकधी घडणीत कच्चा असतो. तपासणीत मोजला जातो, पण थायरॉईडवर त्याचं वजन पडत नाही. खाली आईची थायरॉईड ग्रंथी निरोगीच होती, कुणी हाक मारत नाही म्हणून स्वस्थ बसलेली. घसा फोडून मारलेल्या हाकेला आम्ही दहा वर्षं 'नॉर्मल' म्हणत आलो होतो.

टीएसएच रक्तात मोजता येतो हीच केवढी मोठी गोष्ट आहे, हेही मी विसरत नाही. इतकी सूक्ष्म मात्रा मोजायची रीत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांच्या कामातून निघाली. १९७७ चं नोबेल यॅलो यांना मिळालं ते रॉजर गिमाँ आणि अँड्र्यू शाली यांच्याबरोबर. या दोघांनी मेंढ्यांच्या आणि डुकरांच्या लाखो मेंदूंतून टीआरएचचा कण वेगळा काढला होता. बर्सन १९७२ मध्येच गेले होते. तपासणीचा आकडा खरा होता. तो कुणाचा आवाज आहे, हे विचारायचं आम्ही विसरलो.

उपचार सुरू झाले ते थायरॉईडच्या गोळीने नाहीत. डॉक्टरताईंनी आधी कॉर्टिसॉलची उणीव भरणारं स्टेरॉइड दिलं, त्याला काही दिवस स्थिर होऊ दिलं, आणि मगच थायरॉक्सिन, म्हणजे गोळीतला टी४. आईच्या पीयूषिकेकडून अ‍ॅड्रेनल ग्रंथींनाही निरोप जात नव्हता. कॉर्टिसॉल नसताना थायरॉक्सिनने शरीराचा वेग वाढवला असता, तर असलेलं थोडंफार कॉर्टिसॉलही संपून आई दगावू शकली असती. ज्यांच्या घरी असा आजार निघेल त्यांनी हा क्रम मनात कोरून ठेवावा.

पहाटे अनशापोटी गोळी, त्यावर अर्धा-पाऊण तास काही नाही, चहासुद्धा नाही. आईला चहाशिवाय तो पाऊण तास काढणं फार जड जाई. आठवडा गेला आणि ती म्हणाली, "अगं, या गोळीनं मला काहीच वाटत नाही." मला मात्र तोवर जमशेद टाटा वाचायला मिळाले होते. मुंबईत जन्मलेले हे शास्त्रज्ञ लंडनच्या मिल हिलमधल्या संस्थेत काम करत. त्याच संस्थेत १९५२ मध्ये जॅक ग्रॉस आणि रोझलिंड पिट-रिव्हर्स यांनी टी३ शोधला. टाटांनी १९६० च्या दशकात दाखवलं की थायरॉईड काढलेल्या उंदराला टी३ टोचलं तर यकृताच्या पेशींच्या केंद्रकात आधी आरएनए वाढतं, मग प्रथिनं वाढतात, आणि शरीराचा वेग त्याच्याही नंतर वाढतो. म्हणजे हे संप्रेरक जनुकांच्या वाटेने जातं, आणि ती वाट लांबची आहे. त्यात टी४ चं रक्तातलं अर्धायुष्य आठवडाभराचं, म्हणून खरी पातळी ठरायला सहा आठवडे जातात. मी आईला एवढंच सांगितलं, "आई, आत वाचन चाललंय. थोडं थांब." तिने मान डोलावली. तिला पटलं.

(त्या ग्राहीची ओळख पटली तीही किती अनपेक्षित वाटेने. कोंबड्यांना रक्ताचा कर्करोग करणाऱ्या एका विषाणूत एक जनुक सापडलं होतं. त्याची मूळ आवृत्ती म्हणजेच थायरॉईडचा ग्राही, हे १९८६ मध्ये ब्यॉर्न वेनस्ट्रॉम आणि रोनाल्ड इव्हान्स यांच्या प्रयोगशाळांनी वेगवेगळं काम करून एकाच वेळी जाहीर केलं.)

पाचव्या आठवड्यात आईने आपणहून स्वेटर काढून ठेवला. मग आवाज बदलला. फोनवर मावशीने तिला ओळखलंच नाही. तिला वाटलं मीच बोलतेय. दिवाळीला आईने चकलीचा सोऱ्या हातात घेतला आणि एका बैठकीत डबा भरला. मी तिला असं काम करताना आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. तिच्या वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मला माझी आई भेटली, असं मी लिहिलं तर ते जसंच्या तसं खरं आहे.

२०११ मध्ये आम्ही दुसऱ्या गावी लग्नाला गेलो असताना तिला ताप आला आणि तिथल्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं. टीएसएच ०.०४. ते म्हणाले, गोळी फार जास्त होतेय, हृदयाला त्रास होईल, निम्मी करा. आईने ऐकलं. मला सांगायचं राहिलं. दोन महिन्यांत स्वेटर परत बाहेर आला, भाकरी करताना हात परातीत थांबू लागला, आणि मी घाबरून फाईल धुंडाळली. डॉक्टरताईंना फोन केला तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "फ्री टी४ किती होता?" तो कुणी तपासलाच नव्हता. गोळी पूर्ववत झाली. त्याच दिवशी मी लाल पेनने ती ओळ लिहिली.

पण तो ०.०४ मी अनेकदा मनाशी घोळवते. डोस बरोबर होता. गोळीतला टी४ आईच्या उरलेल्या पेशींपर्यंत पोहोचला, त्यांनी त्यातला आयोडीनचा एक अणू काढला, टी३ ग्राहीत बसला आणि टीएसएचचं जनुक मिटलं. अडतीस वर्षं ओरडणाऱ्या त्या मूठभर पेशींना कुणीतरी अखेर उत्तर दिलं होतं, आणि त्या गप्प झाल्या. इतकी वर्षं उपाशी राहूनही त्यांना वाचता येत होतं.

आई आता पंच्याहत्तरीच्या आत-बाहेर आहे. वर्षातून दोनदा त्याच डॉक्टरताईंकडे जातो. त्यांचेही केस आता पांढरे व्हायला लागलेत. रिपोर्ट बघायच्या आधी त्या आईला पलंगावर बसवतात, पाय मोकळे सोडायला सांगतात आणि हातोडीने टाचेमागे ठोका देतात. मागच्या महिन्यात मी शेजारी उभी राहून पाहत होते. पाऊल खाली गेलं आणि तसंच झटकन वर आलं.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं, काकू," त्या म्हणाल्या, आणि मग फाईल उघडली.